आहाराचे शिक्षण आणि भाकरीचा वाटा

दलित साहित्याची समीक्षा म्हटले की आपल्यासमोर कविता, कथा आणि आत्मकथने येतात. परंतु आज दलित वस्तीत बायाबापड्यांच्या डोळ्यांसमोर सर्वात जास्त दिवस टांगलेले लेखन यांपैकी कोणतेच नाही. ते आहे सरकारचे भित्तिपत्रक. अंगणवाडीच्या भिंतीवर, उपकेंद्राच्या दारावर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ते असते. त्याला लेखक आहे, भाषा आहे, चित्रे आहेत आणि त्याने मनात धरलेला एक वाचकही आहे. त्यावर सरकारी तिजोरीतला पैसा खर्च होतो. मग त्याची समीक्षा का करू नये? मी जालना जिल्ह्यात शिकवतो. 'पोषण आणि आरोग्य शिक्षण' या नावाने गरीब घरांसाठी जे लिहिले आणि बोलले जाते ते मी अनेक वर्षे वाचत, ऐकत आलो आहे. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम हे लेखन कसे आहे ते पाहू. भित्तिपत्रकावर एक ताट असते. ताटात पोळी, वरण, भात, हिरवी भाजी, कोशिंबीर. बाजूला दुधाचा पेला, दह्याची वाटी, सफरचंद, द्राक्षे. अलीकडे त्याला 'तिरंगा थाळी' असेही म्हणतात. ताटाशेजारी नीटस पातळ नेसलेली, हसरी आई उभी असते. खाली प्रमाण मराठीत आज्ञा असतात: समावेश करावा, टाळावे, लक्ष द्यावे. एका वस्तीत अशा चित्रासमोर बसलेली एक म्हातारी सेविकेला म्हणाली, "ताई, हे ताट कुणाच्या घरचं हाय?" सेविका हसली, बायाही हसल्या. मला मात्र हा प्रश्न समीक्षेचा मूळ प्रश्न वाटतो. ताट कुणाचे आहे? ज्याच्या घरी दुभते आहे, ज्याच्या शेतात भाजी पिकते, ज्याला रोज बाजार करता येतो, त्याचे. वस्तीतल्या बाईला हे ताट तिच्या अज्ञानाचे चिन्ह म्हणून दाखवले जाते. तुझे मूल वाळले, कारण तुला माहीत नव्हते, असे ते चित्र न बोलता बोलत असते.

या शिक्षणाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. त्या पिढीला सरकारी पोषण म्हणजे सुकडी आणि मिलो एवढेच आठवते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण, आणि सहावी पोषण व आरोग्य शिक्षण. म्हणजे शिकवण आणि घास ही दोन्ही एकाच योजनेची अंगे होती. पुढे २००५ साली आपल्याच विभागात, तेव्हाच्या औरंगाबादेतून, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. देशातले अशा प्रकारचे ते पहिले राज्य मिशन. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या काळाकडे त्याने लक्ष वळवले, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ८ मार्च २०१८ रोजी केंद्राचे पोषण अभियान सुरू झाले. तीन वर्षांसाठी ९,०४६ कोटी रुपयांची तरतूद झाली. सप्टेंबर हा पोषण महिना ठरला. मिरवणुका, रांगोळ्या, शपथा, पाककृतींच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यानंतर सेविकेच्या हातात मोबाइल आला आणि प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो वर पाठवणे हेच एक काम होऊन बसले.

आता परिणाम पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ च्या फेरीत ३४.४ टक्के होते, २०१९-२१ च्या फेरीत ते ३५.२ टक्के झाले. रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ४८ टक्के होत्या, त्या ५४.२ टक्के झाल्या. पोषण अभियान तेव्हा नुकतेच सुरू झाले होते, म्हणून हे सर्व अपयश त्याच्या माथी मारता येणार नाही. परंतु अंगणवाडीच्या योजनेला तोवर चव्वेचाळीस वर्षे झाली होती. चव्वेचाळीस वर्षे 'समावेश करावा' असे सांगूनही ताटात काही समाविष्ट होत नसेल, तर दोष ऐकणारीच्या कानात शोधायचा की सांगणाऱ्याच्या सांगण्यात?

पैशाचा हिशेब साधा आहे. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहारासाठी रोज आठ रुपये हा दर २०१७ साली ठरला. त्यात ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने बसवायची. पोषण अभियानाच्या सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अंगणवाडीत महिन्यातून दोनदा समाजात जनजागृतीचे कार्यक्रम घ्यायचे आणि प्रत्येक कार्यक्रमाला २५० रुपये मिळायचे. एका कार्यक्रमाचा खर्च म्हणजे एका मुलाचा महिन्याभराचा आहार. २५० रुपये ही रक्कम मोठी नाही. सेविकेला तेवढ्यात सगळे भागवणे जमत नाही, हे कोणीही मान्य करील. पण शिकवणीचा पैसा आणि घासाचा पैसा यांचे एकमेकांशी नाते तुटले की काय होते, ते या हिशेबातून दिसते. बाईला सांगायचे, मुलाला प्रथिने द्या. आणि प्रथिनांसाठी तिच्या मुलाच्या नावावर आठ रुपये टाकायचे.

या कार्यक्रमांचे स्वरूप तर अधिक बोलके आहे. त्यांपैकी एक आहे 'अन्नप्राशन दिवस', दुसरा गरोदर बाईची ओटी भरण्याचा. सहा महिन्यांनंतर मुलाला वरचे अन्न सुरू करावे, गरोदरपणात बाईने नीट खावे, ही माहिती आवश्यकच आहे. परंतु ती सांगण्यासाठी सरकारने निवडलेले भांडे पाहा. अन्नप्राशन हा सोळा संस्कारांतला एक. ज्या धर्मशास्त्राने हे संस्कार सांगितले त्यानेच शूद्राला वेदमंत्रांचा अधिकार नाकारला, आणि अस्पृश्याला तर गावाबाहेर ठेवले. त्याच संस्काराचे नाव घेऊन आज बौद्ध वस्तीतल्या अंगणवाडीत मुलाच्या तोंडात पहिला घास घातला जातो. ओटी भरायची तर सवाष्ण हवी. मग वस्तीत जिने चार लेकरे एकटीने वाढवली ती विधवा कोपऱ्यात उभी राहते. आहारशास्त्रात तिच्या अनुभवाला मोल असायला हवे होते. धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या राज्याचा निधी आहारशिक्षणाच्या नावाने कोणत्या संस्कृतीचे शिक्षण देतो, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे.

यापुढचा मुद्दा ज्ञानाचा आहे. आहारशिक्षणाने गृहीत धरले आहे की वस्तीची चूल अडाणी आहे. खरोखर तशी ती आहे काय? शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार आणि मांग या दोन समाजांच्या खाण्यापिण्याची नोंद त्यांनी त्यात केली. पूर्णब्रह्माचा श्लोक म्हणून जेवणाऱ्यांच्या पाकपुस्तकांत ज्यांना कधी पान मिळाले नाही, ते पदार्थ तेथे पाककृतींसह आले. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नविषयक स्मृतींचे संकलन केले होते. ही दोन कामे आहारशिक्षणाची पाठ्यपुस्तके व्हायला हवी होती. कारण त्यांत चव आहे, टंचाई आहे आणि टंचाईतून काढलेली वाटही आहे.

वस्तीच्या बाईला काय माहीत होते? बांधावरची तांदुळजा, घोळ, पाथरी, पहिल्या पावसात उगवणारा तरोटा, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा शेंडा. बाळंतिणीला हुलग्याचे माडगे. सुकट आणि बोंबील, रक्ती, वजडी, मांस वाळवून केलेल्या चान्या. लोह आणि प्रथिने हे शब्द तिला माहीत नव्हते; पदार्थ माहीत होते. आज बांधावर तणनाशक फवारले जाते, ज्वारीच्या जागी कपाशी आणि सोयाबीन आले, आणि ती रानभाजी तण म्हणून जळून गेली. भित्तिपत्रक मात्र हिरव्या भाज्या खा म्हणते. भाकरीची कथाही अशीच. रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ आले, आणि ज्वारी-बाजरी हे गरिबाचे हलके अन्न म्हणून हिणवले गेले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले तेव्हा त्याच धान्याला 'श्रीअन्न' असे नाव मिळाले. वस्तीत होती तोवर ती कदान्न, शहरातल्या ताटात गेली की तिच्या नावामागे श्री! शब्द बदलून मालकी कशी बदलते याचे यापेक्षा चांगले उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला मिळणार नाही.

भूक ही अज्ञानातून येते काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या साहित्याने केव्हाच दिले आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) मेलेल्या जनावराच्या मांसाचा वाटा, शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तील (१९८४) शेणातून वेचून धुतलेल्या ज्वारीची भाकर, बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मधील (१९८६) बाळंतिणीची उपासमार. या नोंदी आहारशास्त्राच्या कोणत्याही अहवालाहून अधिक अचूक आहेत. त्यांतल्या कोणत्याही बाईला काय खावे हे माहीत नव्हते असे नाही. तिच्या हातात ते पडत नव्हते. का पडत नव्हते, तर जमीन, पाणी, मजुरी आणि बाजार यांवर दुसऱ्याचा ताबा होता. आहारशिक्षणाच्या साहित्यात हे कारण कोठेही लिहिलेले नसते. तेथे जात नसते, मालक नसतो, मजुरीचा दर नसतो. असते फक्त आई आणि तिचे मूल. सगळा समाज पुसून टाकला की उरलेल्या आईवरच दोष येऊन पडतो.

आणि ज्या हाताने हे राज्य शिकवते त्याच्या दुसऱ्या हाताचे काय? १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती २०१५ साली लागू झाली आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. कत्तलीची बंदी मात्र कायम राहिली. गरिबाला परवडणाऱ्या प्रथिनाचा एक मार्ग अशा रीतीने बंद झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळ, देण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध ओरड झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि हवी असल्यास लोकसहभागातून द्यावीत असे शाळांना कळवले. लोकसहभाग याचा अर्थ ज्या गावात ज्याच्या हाती वर्गणी आहे त्याची मर्जी. भित्तिपत्रकावरचे अंडे मात्र अजून भिंतीवर आहे.

जालन्याबद्दल जुनी म्हण आहे, 'जालना सोने का पालना'. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा झाला. जालना शहर बियाण्यांसाठी आणि पोलादासाठी ओळखले जाते. १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे अन्नाचे बी येथे आहे, फळ येथे आहे, अन्नाचा जागतिक सन्मानही येथे आला आहे. परंतु दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात तेव्हा हा सोन्याचा पाळणा रिकामा होतो. मूल आईच्या पाठीवर फडात जाते आणि त्याचे नाव गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत राहते. पहाटे तोड, रात्री गाडी भरणे, उघड्यावर पाल. अशा बाईला दर दोन तासांनी मुलाला भरवा हे कोणी, कोठे आणि कोणत्या तोंडाने सांगावे?

याच तालुक्यांत 'पोषण वाटिका' लावा असे सांगितले जाते. परसात पालक, शेवगा, पपई लावा. सल्ला उत्तम आहे. परस कोठे आहे? २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने टँकरपुढे रांगा लावल्या, तेथे वस्तीच्या वाट्याला शेवग्याला घालायचे पाणी किती येते? जमिनीचे म्हणाल, तर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तरीही मराठवाड्यात किती कुटुंबे गायरान कसतात आणि सातबाऱ्यावर नावासाठी हेलपाटे घालतात, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. गायरानाचा एक एकर नावावर झाला तर पोषण वाटिकेचे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

मग आहारशिक्षण नकोच काय? माझे म्हणणे तसे नाही. चिकाचे दूध टाकू नये, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न द्यावे, गरोदर बाईने कमी खाऊ नये, या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. शिकवण बंद करणारे राज्य घासही हिसकावते, हे अमेरिकेत नुकतेच दिसले. तेथे गरिबांच्या अन्नसाहाय्याला जोडून आहारशिक्षणाचा स्वतंत्र निधी होता. जुलै २०२५ च्या कायद्याने तो बंद केला, आणि त्याच कायद्याने अन्नसाहाय्यालाही कात्री लावली. म्हणून सरकारने या कामावर पैसा खर्च करू नये असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आपण बसता कामा नये. आपला आक्षेप वाट्याशिवायच्या उपदेशाला आहे.

वाटा आणि शिकवण एकत्र कशी असते याचा धडा आपल्या चळवळीतच आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असे सांगितले. हे आहारशिक्षणच होते, आणि ते ऐकणाऱ्यांना महाग पडणारे होते. कारण सोडलेल्या मांसाच्या जागी दुसरे काही कोणी देणार नव्हते. तरीही लोकांनी ते ऐकले. का ऐकले? सांगणारा आपल्यातला होता, आणि परिषदेचा शेवट भाषणाने झाला नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसे चवदार तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली. काय सोडायचे हे सांगितले आणि काय घ्यायचे तेही दाखवले.

दुसरे उदाहरण शेजारच्या जामखेडचे. १९७० साली आरोळे दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. पण त्याआधी दुष्काळात मुलांना जेवू घातले, आणि हातपंप दलित वस्तीत बसवले, जेणेकरून सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. त्या पंपाशेजारी बसून दलित बाई मुलांच्या खाण्याबद्दल बोलली तेव्हा गावाने ऐकले. अंगणवाडीची सेविकाही तशीच ऐकली गेली असती. पण तिला 'मानधना'वर ठेवले गेले. महाराष्ट्रातल्या सेविका डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या होत्या, ते याच प्रश्नावर.

निधी कोठे जातो यावरही पहारा हवा. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातल्या बचत गटांना आणि महिला मंडळांना काम द्या, असा आदेश दिला. तरीही २०१९ साली महाराष्ट्रातल्या घरी नेण्याच्या आहाराच्या निविदा त्याच न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या, कारण त्यांच्या अटींत लहान बचत गट टिकूच शकत नव्हते.

शेवटी आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या साहित्याने भुकेचा विद्रोह मांडला, पण चुलीजवळ बसलेल्या बाईच्या ताटाकडे फारसे पाहिले नाही. चळवळीच्या घरांतही ती सर्वांच्या शेवटी जेवते. कालवण संपलेले असते. तिच्या रक्तातले लोह केवळ सवर्णांनी नेलेले नाही. हे लिहिले गेले पाहिजे, आणि तिनेच लिहिले पाहिजे.

माझी सूचना व्यवहाराची आहे. या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आपले शिक्षक आणि विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने आपल्या वस्तीतल्या जाणत्या बायांकडून पदार्थ, रानभाज्या, बाळंतपणातले खाणे लिहून घ्यावे, आणि प्रत्येक पदार्थापुढे तो आज का मिळत नाही तेही लिहावे. ग्रामसभेत अंगणवाडीचा आहाराचा आणि कार्यक्रमांचा हिशेब मागावा. पोषण महिन्याच्या कार्यक्रमात गायरानाचा, ऊसतोडीच्या फडावरच्या अंगणवाडीचा आणि अंड्याचा प्रश्न विचारावा. अन्नप्राशन आणि ओटी यांऐवजी, सर्व बायांना बसता येईल अशी साधी पंगत मागावी. असे दहा गावांतले लेखन एकत्र आले तर आहारशिक्षणाचे दुसरे पुस्तक तयार होईल. त्यातल्या पहिल्या पानावर त्या म्हातारीचा प्रश्न छापावा, आणि सरकारने त्याचे उत्तर द्यावे.